घशात नळी असताना ऐकलेली वचनं

व्हय, ऐकू येतं. सगळं ऐकू येतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नसतं. आत आपलं माणूस निपचित पडलेलं. तोंडात नळी, डोळ्यांवर पट्टी, हात उचलून सोडला तर धपकन खाली पडतो. आपण बोललेलं याला कळतंय का, की आपण भिंतीशीच बोलायलोय? मी त्या पलंगावर पडून होते, आणि माझ्या आजारात तरी मला शब्द न् शब्द कळत होता. तेव्हा बोला. जवळ जाऊन, कानाशी, घरात बोलता त्याच आवाजात बोला.

माझं नाव करुणा. बिदरला नौबादमध्ये आमचं घर आहे आणि तिथल्याच प्राथमिक शाळेत मी शिकवते. यजमान विजयकुमार यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची, नवी भरायची, हे त्यांचं काम. मी त्यांना ‘आशाचे पप्पा’ म्हणते. आशा आमची एकुलती मुलगी, गुलबर्ग्याला कॉलेजात शिकते. माझं माहेर ठाणाकुशनूर. थोरला भाऊ, दानिएल अण्णा, तिथं शेती करतो आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन प्रार्थना घेतो. आमचं घर पिढ्यांपासून ख्रिस्ती. बायबलमधलं वचन तोंडाने बोलायचं, मनात ठेवून द्यायचं नाही, ही आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, शिकवण. अप्पा शेतात औत धरतानाही वचनं मोठ्यानं म्हणायचे. बैलांनाही पाठ झाली असतील.

चप्पल

ते लग्नसराईचे दिवस होते. एका लग्नात जेवून आल्यावर माझं पोट बिघडलं आणि आपोआप बरंही झालं. पुढं काही दिवसांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. शाळेत उभं राहून राहून होत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

रविवारी उपासनेला गेलो. चर्चच्या पायऱ्या चढून मी आत निघाले तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “टीचर, तुमची चप्पल पायरीवरच राहिली की!”

खाली बघितलं तर डावा पाय उघडा. उन्हाने फरशी अशी तापलेली की अनवाणी पोरं उड्या मारत आत जात होती, आणि मला त्या पायाला काहीच लागत नव्हतं. मी हसले आणि चप्पल घातली. पण उपदेश चालू असताना माझं सगळं लक्ष त्या पायाकडे होतं. बोटं हलव म्हटलं तर हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा हातातून गळाला. आशाचे पप्पा दुकान न उघडता मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. मी म्हणाले, “परत मारा की, नीट लागली नसंल.” त्यांनी परत मारली. मग दुसऱ्या पायावर मारली. मग त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून आशाच्या पप्पांकडे बघायला सुरुवात केली. आपलं काही खरं नाही, हे मला तिथंच कळलं.

आजाराचं नाव लांबलचक आहे, सगळे जी.बी.एस. म्हणतात. आपल्या अंगातली राखण करणारी ताकदच चुकून आपल्या नसांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. पायांतून सुरू होतो, वर वर चढतो, आणि बहुतेकांचा हळूहळू उतरतोही.

आशाच्या पप्पांनी एकच प्रश्न विचारला. “वर म्हणजे कुठवर?”

“छातीपर्यंत गेला तर श्वासाला मशीन लागेल. इथं थांबू नका. आत्ताच गुलबर्ग्याला न्या.”

हुमनाबादच्या रस्त्यावर

अँब्युलन्समध्ये मी आडवी होते. आशाचे पप्पा माझा हात धरून बसले होते, पण हात धरलाय हे मला बघूनच कळत होतं. हुमनाबाद मागं पडलं. मग मी म्हणाले, “अहो, एखादं वचन म्हणा ना.”

“तूच म्हण,” ते म्हणाले. “मला कुठं येतंय?”

हे खरं होतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक उभे राहून साक्ष देतात, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. आशाचे पप्पा इतक्या वर्षांत कधी उभे राहिले नव्हते. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा मीच करायची, ते फक्त आमेन म्हणायचे.

मग मीच म्हटलं. त्या वर्षासाठी मला मिळालेलं वचन म्हटलं. आमच्याकडे नव्या वर्षाच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरवतात. प्रत्येकाने एक उचलायची, आणि वर्षभर ते वचन आपलं. आशाला भरभराटीचं आलं होतं. मला आलं होतं पाण्याचं. पाण्यातून चालावं लागलं तरी देव सोबत असेल, बुडू देणार नाही, अशा अर्थाचं. चिठ्ठी वाचून मी जरा खट्टू झाले होते. सोबत असेल हे ठीक, पण मुळात पाणी कशाला, असं वाटलं होतं.

अँब्युलन्समध्ये तेच मी म्हणत राहिले. पुढं पुढं जीभ जड झाली आणि शब्द बोबडे व्हायला लागले. आशाचे पप्पा दर वेळी आमेन म्हणत होते.

क ची ओळ का, च ची ओळ?

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात पोहोचल्यावर काही वेळातच श्वास अपुरा पडायला लागला. विहिरीतून बादली ओढताना दोर हातातून निसटत जावा तसं होतं ते. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा तोकडा. डॉक्टर म्हणाले, “टीचर, आता झोपवून नळी घालतो. मशीन तुमच्यासाठी श्वास घेईल. घाबरू नका.” मी घाबरले. खूप घाबरले.

जागी झाले तेव्हा बोलता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती, पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यात मलम घालून वर पट्टी लावायचे. बाहेर गुलबर्ग्याचं ऊन भाजून काढत होतं आणि आत गारठा. दिवस ठरावीक कामांवर चालायचा. अंग पुसणं, कूस बदलणं, नळीतला कफ ओढून काढणं, आणि रक्त धुऊन काढणारं एक मशीन अधूनमधून पलंगाशेजारी आणून लावणं. कफ काढताना जीव गुदमरायचा. त्याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

शरणम्मा नावाची एक सिस्टर होती. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी. पट्टी काढली की ती पहिल्यांदा माझ्यापुढं येऊन उभी राहायची. म्हणजे मला छत दिसण्याआधी माणूस दिसायचं. एकदा तिने विचारलं, “अक्का, मेले नोडी. वर बघता येतंय?” मी डोळे वर नेले. तेवढे मात्र येत होते. “मग ठरलं,” ती म्हणाली. “वर बघितलं की होय, खाली बघितलं की नको.”

संध्याकाळी भेटायच्या वेळेत आशाचे पप्पा आले तेव्हा तिने त्यांना हे सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. जळालेल्या मोटारीपुढं बसतात तसे काही वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “करुणा, मी ओळी म्हणतो. तुझं अक्षर ज्या ओळीत हाय तिथं वर बघ. क ची ओळ? च ची? ट ची? त ची?”

मी वर बघितलं.

“त? थ? द? ध? न?”

वर.

अशी चार अक्षरं जमेपर्यंत आशा माझ्या पायाशी तोंडावर ओढणी धरून उभी होती. आई आता काहीतरी मोठं सांगणार, देवाचं काही दर्शन झालं असेल, असं तिला वाटत होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. शब्द निघाले ते असे : ‘नाक. खाज.’

आशाचे पप्पा बोटाने माझं नाक खाजवत होते आणि रडत होते. त्या आजारपणात इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

मंगळवार, ऊन, आणि देव

भेटायची वेळ सकाळी थोडी आणि संध्याकाळी थोडी असायची. आशाचे पप्पा दोन्ही वेळेला यायचे, कानाशी वाकायचे आणि ठरल्याप्रमाणे सांगायचे, “करुणा, मी आलोय. आज मंगळवार. बाहेर ऊन लई हाय. देव संगं हाय.”

रोज तेच. वार बदलायचा. एकदा वळवाचा पाऊस झाला तेव्हा ऊनही बदललं. शेवटचं वाक्य तेवढं बदलायचं नाही. त्यात काही जोर नसायचा, उपदेशकासारखा चढउतार नसायचा. बुधवार आहे हे जसं सांगायचे, तसंच देव संगं आहे हेही सांगायचे.

मी वचनं बोलण्यात वाढलेली बाई. पण आत पडल्यावर माझी अवस्था वेगळी झाली. पाठ असलेली स्तोत्रं अर्ध्यावर तुटायची. एक ओळ आठवायची तर दुसरीत शाळेतली कविता मिसळायची. कधी राग यायचा. संगं आहेस तर दिसत कामून न्हाईस, असं मी देवाला मनातल्या मनात विचारायची, आणि उत्तर म्हणून मशीनचा भाता तेवढा वरखाली व्हायचा. एकदा दिवसभर मी एकही वचन मनात आणलं नाही. हट्टानेच आणलं नाही.

त्या संध्याकाळी ते आले. “करुणा, मी आलोय. आज शुक्रवार. ऊन हायच. देव संगं हाय.”

आणि मला कळलं की आज हे मी म्हटलं नसलं तरी म्हटलं गेलंय. माझ्या वाटचं दुसऱ्या कोणीतरी उचलून धरलंय. शुक्रवार काही मी मानला म्हणून उजाडलेला नव्हता. बाहेरचं ऊन मला पलंगावरून दिसत नव्हतं, तरी ते होतंच. माझ्या विश्वासाचा काटा वर गेला किंवा खाली आला म्हणून देवाचं वचन कमीजास्त होणार नव्हतं. हे मला आधीही ठाऊक होतं. पण त्या दिवशी अंगाखाली गादी लागावी तसं ते लागलं.

पुढं मी एक युक्ती केली. मशीन श्वास आत सोडायचं तेव्हा मनात म्हणायचं ‘तू’, आणि बाहेर काढायचं तेव्हा ‘संगं’. एवढंच. दोन शब्द कधी तुटत नाहीत.

अण्णा

तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही. डॉक्टरांनी आशाच्या पप्पांना सांगितलं की आता गळ्याला पुढून छोटं भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल. मशीन सुटलं की नळी काढतील, भोक आपोआप बुजेल. तुमची संमती द्या.

त्याच संध्याकाळी अण्णा आला. माझ्यासाठी तो उपास करत होता. गालफडं बसली होती. हातात आजाऱ्याच्या कपाळाला लावायच्या अभिषेकाच्या तेलाची छोटी बाटली होती. त्याच्या गावातल्या मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना करून मी बरी झाले असं जाहीर केलं होतं. आता आजाराचं नावसुद्धा काढायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं.

अण्णा, आशाचे पप्पा आणि आशा माझ्या पलंगाशीच बोलत होते. माझ्या डोळ्यांवर तोवर पुन्हा पट्टी लावली होती.

“दाजी, हो म्हणू नका,” अण्णा म्हणाला. “आपण ती बरी झाली म्हणून बोलून टाकलंय. आता गळा चिरा म्हणायचं म्हणजे आपणच आपला शब्द मागं घ्यायचा.”

“डॉक्टर म्हणायलेत, लांबवलं तर घसा आतून खराब होईल.”

“डॉक्टर त्यांचं म्हणणारच. तुमचा विश्वास कुठं हाय?”

आशा म्हणाली, “मामा, हळू बोला, मम्मीला ऐकू जायलंय.”

मला वाटलं, आता आशाचे पप्पा माघार घेणार. अण्णापुढं ते कधी बोलायचे नाहीत. अण्णा बोलणारा माणूस, हे ऐकणारे. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मशीन आपला तोच श्वास भरत होतं.

“अण्णा,” ते म्हणाले. “मला तुमच्यासारखं बोलता येत न्हाई. मी तिला रोज येऊन एकच सांगायलोय, देव संगं हाय म्हणून. गळ्याला भोक पाडलं की तो निघून जाणार हाय का? जाणार असंल तर सांगा. मी आत्ता नको म्हणतो.”

आशाच्या पप्पांनी खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज आला.

“आणि आपण कशाला भांडायचं? जिचा गळा हाय तिला विचारू की.”

शरणम्माने पट्टी काढली. अण्णा माझ्यावर वाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “करुणा, माझे बाई, तुझा विश्वास हाय न्हवं?”

मी वर बघितलं.

“मग नको म्हण. खाली बघ.”

मी वरच बघत राहिले. आशाच्या पप्पांनी ओळी म्हणायला सुरुवात केली. प निघाला. काना निघाला. ड निघाला. “पाडा?” त्यांनी विचारलं. “भोक पाडा म्हणायलीस?” वर. मला अजून सांगायचं होतं. डोळे दमून भरून येत होते, शरणम्मा कापसाने टिपत होती, तरी मी आणखी अक्षरं सांगितली. ‘तो आहे.’

मी फार धीराची होते असं कोणी समजू नये. तोंडातली नळी मला नकोशी झाली होती, हेही एक कारण होतंच. पण ते दोन शब्द खरे होते. वचन सोबतीचं होतं. गळा चिरला जाणार नाही असं मला कोणी कबूल केलेलं नव्हतं.

अण्णाने तेलाची बाटली शरणम्माच्या हातात दिली आणि कोणाशी न बोलता निघून गेला. शरणम्माने ते तेल माझ्या कपाळाला लावलं. “तुमच्यात कसं लावतात ठाऊक न्हाई अक्का,” ती म्हणाली. “मी आपली माझ्या पद्धतीनं लावते.” कपाळावर तीन बोटं आडवी फिरली.

वॉर्डातली खिडकी

गळ्यातल्या नळीने बरं वाटलं. तोंड मोकळं झालं. ओठांवर ओला कापूस फिरला की गोड लागायचा. मग उजव्या हाताचा अंगठा हलला. आशाने ते बघितलं आणि धावत जाऊन डॉक्टरांनाच बोलावून आणलं. हळूहळू मशीनशिवाय थोडा वेळ, मग जास्त वेळ, मग पूर्ण. एक दिवस मला वॉर्डात हलवलं. तिथं खिडकी होती. गरम वारा तोंडावर आला आणि गुलबर्ग्याच्या उन्हाला नावं ठेवणारी मी डोळे मिटून ते ऊन घेत राहिले. डोळे मिटता येत होते.

आवाज परत आला त्या दिवशी बोलता यावं म्हणून गळ्याच्या नळीला झाकण बसवलं होतं. सगळे वाट बघत होते. समोर आशा होती, रात्रंदिवस दवाखान्यात राहून केसांचं टोपलं झालेलं. माझ्या तोंडून घोगरा आवाज आला, “आशा, केस बांध.”

अण्णा त्यानंतर आला. दारातच उभा राहिला. मी म्हणाले, “ये की.” तो पायाशी बसला. पायांचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई तेव्हा तिथंच होत्या. त्यांनी त्याला माझी टाच धरून पाऊल कसं वर ढकलायचं ते दाखवलं. तो शेतकरी गडी, पण माझं पाऊल चिमणीचं पिल्लू धरावं तसं धरत होता.

“मी चुकलो का गं?” त्याने विचारलं.

“अण्णा, जरा जोर लाव. असं काही होत न्हाई.”

त्याने जोर लावला. मग खाली मान घालूनच म्हणाला, “मी घाबरलो होतो. अप्पा गेले, आई गेली, आता तू बी जातीस म्हणून. भीतीच बोलत होती. मला वाटलं, विश्वास बोलायलाय.”

मी दुसऱ्या पावलाकडे डोळ्यांनी खूण केली. माझा आवाज लवकर दमायचा. त्याने दुसरं पाऊल हातात घेतलं. त्यानंतर तो शेतातलं काम सांभाळून येत राहिला, आणि आला की न सांगता पायाशीच बसायचा.

घरी

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. दवाखान्यात सगळे शहाण्यासारखे वागतात, घरी माणसं असतात तशी होतात. मी चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर सूचना करायची. भाजी अशी चिरा, ते भांडं तिथं ठेवू नका. आशाचे पप्पा दुकान सांभाळून स्वयंपाक करायचे. एकदा मी मिठावरून इतकं बोलले की ते ताट ठेवून बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, “तू बोलत नव्हतीस तेव्हा मी देवाला म्हणायचो, एकदा तिला बोलू दे, मग कितीबी बोलू दे.” मग आम्ही दोघंही हसलो आणि ती खारट भाजी संपवली.

माझी वेणी तेच घालायचे. तार गुंडाळून गुंडाळून हाताला लागलेली सवय, पेड असे घट्ट आणि सारखे पडायचे की शेजारणी येऊन बघून जायच्या.

मला भेटायला येणारे विचारतात, आजाऱ्यापाशी काय बोलावं? मला जे उपयोगी पडलं ते सांगते. देवाने जे कबूल केलंय ते बोला. त्याच्या नावावर आपल्या मनाचं काही कबूल करू नका. आजाऱ्याला विश्वासाची परीक्षा द्यायला लावू नका, त्याच्याजवळ तेवढंही बळ नसतं. त्याला राग आला तर येऊ द्या. उपचार सोडू नका. मला सांभाळणारा देव नळीतूनही श्वास देत होता, आणि विभूती लावलेल्या सिस्टरच्या हातानेही. रोज थोडंच बोला, पण रोज बोला. आणि नाक खाजवा.

येळवस

आमच्या भागात हिवाळ्यात येळवस असते. त्या अमावस्येला सगळी माणसं शेतात जाऊन जेवतात. तो हिंदू शेतकऱ्यांचा सण, पण ठाणाकुशनूरला अण्णाच्या शेजारचे शिवराज अप्पा अगदी आमच्या अप्पांच्या वेळेपासून आम्हाला त्या दिवशी जेवायला बोलावतात. यंदा त्यांनी निरोप धाडला, टीचरला आणल्याशिवाय येऊ नका.

तोवर मी काठी घेऊन घरात चालायला लागले होते. पायांना मुंग्या अजून होत्या, आजही आहेत. शेतात माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. तूर फुलाशेंगांनी भरली होती. बाकी सगळे कडब्यावर पंगत धरून बसले, समोर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यात आंबील. मी एकटीच उंचावर खुर्चीत. मला ते बरं वाटेना. आशाला म्हटलं, “मला खाली बसव.”

“मम्मी, खाली बसलीस तर उठशील कशी?” तिचं बरोबर होतं. जमिनीवरून उठणं सगळ्यात शेवटी येईल, असं व्यायामाच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं.

“बसव तर आधी.”

बसले. कडबा मांडीला टोचला, आणि टोचलेला कळला. पोटभर जेवले. शिवराज अप्पा सारखी आंबील ओतत होते. हात धुवायला सगळे उठले आणि मी खालीच राहिले. अण्णा एका बाजूने आला, आशा दुसऱ्या बाजूने, शिवराज अप्पांच्या सुनाही धावल्या. अण्णाने तर डोळे मिटून हात वर केले.

“अण्णा, प्रार्थना मग कर,” मी म्हणाले. “आधी बाजूला सर.”

मी कुशीवर वळले. दोन्ही तळहात मातीत रोवले. गुडघ्यांवर आले. उजवा पाय पुढं घेतला आणि तो थरथरायला लागला. आशाचे पप्पा समोर वाकून उभे होते, हात पसरलेले, पण मला न लावलेले. पाय थरथरत थरथरत सरळ झाला. मागून दुसरा आला. मी उभी होते. काठी दूर पडली होती.

मग शिवराज अप्पा म्हणाले, “टीचर, आता आनी एक तांब्या आंबील घ्यायलाच पायजे.”

मी घेतला आणि उभ्यानंच प्याले. देवाचे आभार मोठ्याने मानायचे होते, पण तोंड आंबिलीने भरलेलं होतं.